वन्संच्या जावयाची परदेशी गाडी

अहो, ऐकलंत का? जरा इकडे या, कुंपणाजवळ. मोठ्यानं नको बोलायला, आमच्या घरात जागे आहेत सगळे.

दौंडच्या आमच्या वन्सं माहीत आहेत ना तुम्हाला? त्याच हो, यजमान रेल्वेत होते त्या. त्यांच्या जावयानं मेलबर्नला जीप घेतली. कंपास. आता जावयानं गाडी घेतली तर आनंदच आहे. पण वन्संनी सिद्धटेकला जाऊन अभिषेक केला, पेढे वाटले, नि रविवारी चौफुला-न्हावऱ्यावरून इथं शिरूरला आल्या त्या फक्त सांगायला. 'आमच्या जावयाची फॉरेनची गाडी आहे. इथल्यासारखी पत्र्याची नाही.' हे 'इथल्यासारखी' म्हणताना डोळे कुठं होते? आमच्या दारातल्या नेक्सॉनवर!

आमचा धाकटा जेवत होता. तो रांजणगावला गाड्यांच्या कारखान्यात लाइनवर आहे, तुम्हाला माहीतच आहे. तो काही बोलला नाही, भाकरी मोडत राहिला. मग वन्संनी व्हिडिओ कॉल लावला. जावई गाडीभोवती फिरून दाखवतायत, वन्सं आम्हाला दाखवतायत, ह्यांना चष्मा सापडत नाहीये... तेवढ्यात हा हात धुऊन आला नि म्हणाला, 'दाजी, पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात नंबर असतो बघा, तो वाचा की.' जावई वाकले. 'एम, सी, ए...' आणि आमच्या बाळानं किती गोड आवाजात सांगावं, 'आत्या, एमसीए म्हणजे आपलं रांजणगाव. ही गाडी महागणपतीच्या दारावरून ट्रेलरमध्ये बसून गेलीय.'

वन्संचं तोंड! पेढ्याचा बॉक्स हातातच राहिला. वर आमच्या चिरंजीवांची पुस्ती, 'आपली नेक्सॉन पण तिथलीच आहे, आत्या. एकाच आवारातली.'

तर काय सांगत होते, ह्या परदेशी-बिरदेशीचं मला काही नवल नाही. माझं माहेर पिंपरीचं. आमचा दादा टाटांच्या टेल्कोत. इंडिका आली 1998 च्या शेवटी, तेव्हा आमच्या अख्ख्या आळीला वाटायचं आपल्याच घरात बाळंतपण झालंय. आणि ती इंडिका जिथं बनली ना, ती यंत्रं कुठली होती ठाऊक आहे? ऑस्ट्रेलियाची! तिकडं निसानचा कारखाना बंद पडला होता, तो टाटांनी सुटा करून जहाजानं पुण्याला आणला. सेकंडहँड. आता ऑस्ट्रेलियात गाड्या बनवणंच बंद झालंय, 2017 च्या ऑक्टोबरात होल्डननं शेवटची गाडी काढली. आणि त्याच वर्षी आपल्याकडं कंपास सुरू झाली नि चालली तिकडं. म्हणजे त्यांची यंत्रं आपल्याकडं आणि आपल्या गाड्या त्यांच्याकडं. मी हे वन्संना सांगणार होते, पण त्या पाणी प्यायला आत गेल्या त्या बाहेरच येईनात.

पण खरी मजा इंडिकाच्या विलायतवारीची आहे. ते प्रकरण आठवतं ना? 2003 सालचं. बर्मिंगहॅमजवळ लाँगब्रिजला एमजी रोव्हर म्हणून कंपनी. घराणं मोठं, तिजोरी रिकामी. बीएमडब्ल्यूला नकोशी झाली म्हणून 2000 साली चार जणांनी मिळून ती घेतली, कितीला? 10 पौंडांना! दहा हो, एकावर एक शून्य. त्यात भाजी येते तिकडची. तर ह्या चौघांना स्वस्तातली छोटी गाडी हवी होती आणि नवी तयार करायला पैसे नव्हते. मग आले पुण्याला. आपली इंडिका घेतली, चाकं जरा मोठी लावली, स्प्रिंगांचं काहीतरी केलं, पुढं रोव्हरचा बिल्ला ठोकला, आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीचं बदलतात तसं नाव बदललं. सिटीरोव्हर!

दादा तेव्हा कसा फिरायचा, छाती काढून. इंग्लंडात आपली गाडी! आई तर शेजारणीला म्हणाली होती, 'राणीनं घेतली.' राणीनं नव्हती घेतली, पण तेवढं चालायचंच.

आता किंमत ऐका. रोव्हरनं टाटांना एका गाडीचे साधारण 3,000 पौंड दिले, असं तेव्हा सगळीकडं बोललं जायचं. आणि तिकडं दुकानात सुरुवात 6,495 पौंडांपासून! पौंड तेव्हा 75 रुपयांच्या आसपास. म्हणजे सव्वादोन लाखांची वस्तू पावणेपाच लाखांच्या वर. वाहतूक आहे, कर आहे, दुकानदाराचा हिस्सा आहे, सगळं मान्य. पण अहो, स्वस्त म्हणून आणलेली गाडी स्वस्त विकावी की नाही? तेवढ्याच पैशांत तिकडं फियाटची पांडा मिळत होती. नुसती मिळत नव्हती, 2004 ची युरोपातली कार ऑफ द इयर ती! मग लोक कशाला घेतील?

आणि त्यावर टीव्ही. टॉप गिअर तो, आमचा धाकटा बघत बसतो तो कार्यक्रम. त्यांनी चालवून बघायला गाडी मागितली तर रोव्हर नाही म्हणाले. नाही म्हणालं की संशय येणारच ना? मग त्यातला तो जेम्स मे गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये गेला, छुपा कॅमेरा लावून. आणि मग काय काय बोलला... दादानं ती कॅसेट कुणाकडून तरी आणली होती. निम्मी पाहिली नि उठून गॅलरीत गेला. वहिनीनं चहा नेऊन दिला तर म्हणाला, 'आपल्याकडं खड्ड्यांतून पाच माणसं नि दोन पोती घेऊन जाते ती, तेव्हा कुणी कॅमेरा नाही लावत.' मला विचाराल तर दोष गाडीचा नव्हताच. टॅक्सीवाल्यांना विचारा, इंडिकानं लेकरं शिकवली त्यांची. दोष वाढवलेल्या किमतीचा आणि वरच्या खोट्या ऐटीचा.

शेवट काय झाला? 2005 च्या एप्रिलमध्ये रोव्हर बुडाली. सहा हजारांच्या आसपास माणसं घरी बसली. आणि त्या दहा पौंडवाल्या चौघांचं? 2009 साली सरकारी चौकशीचा अहवाल आला, त्यात निघालं की चौघांनी आणि त्यांच्या बड्या साहेबानं मिळून 4 कोटी 20 लाख पौंड पगारात नि पेन्शनीत घेतले होते. बघा आता. आपल्याला बिशी बुडवणारी बाई माहीत, हे तर...

नंतर टाटांनी 2008 साली फोर्डकडून जॅग्वार नि लँड रोव्हरच विकत घेतली, ती गोष्ट तर लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवतात, मी नाही सांगत. पण रोव्हरचं उरलेलं कुठं गेलं हे कुणी बोलत नाही. एमजीचं नाव चीनला गेलं! नानजिंगच्या कंपनीनं घेतलं, मग शांघायच्या मोठ्या कंपनीकडं. आणि 2019 साली ते आलं कुठं? गुजरातेत, हालोलला. ती कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची काळी हेक्टर नाही का? तीच एमजी. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, 'ब्रिटिश ब्रँड आहे, काकू.' मी म्हटलं, हो का. आता मालक शांघायचे, भागीदार आपले जिंदाल, कारखाना गुजरातचा, पूर्वीचा जनरल मोटर्सचा... आणि ह्या म्हणे ब्रिटिश. मी काही बोलले नाही, इंजेक्शन त्यांच्याकडेच घ्यायचंय.

आणि रांजणगावचं घ्या. ज्या फियाटच्या पांडानं तिकडं आपल्या इंडिकाचं नाक कापलं, त्याच फियाटशी टाटांनी पुढं दोन-तीन वर्षांत भागी केली, निम्मी-निम्मी. कुर्ल्याहून फियाट आली रांजणगावला. लिनिया, पुंटो, 2009 सालच्या. तेव्हा ह्या रस्त्याला खोली भाड्यानं मिळेना. आणि त्या 1.3 च्या डिझेल इंजिनचं तर काय सांगू! फियाट म्हणायची मल्टिजेट, टाटांनी तेच इंडिका व्हिस्टात बसवलं नि म्हणाले क्वाड्राजेट, मारुती स्विफ्टमध्ये म्हणे डीडीआयएस. मूळ एकच. टाटांच्याच शोरूममध्ये फियाट विकायची होती, तर व्हिस्टा पुढं झगझगीत दिव्याखाली नि बिचारी लिनिया मागं. 2012 ला फियाटनं विकायचं काम स्वतःकडं घेतलं, कारखान्याची भागी तेवढी राहिली. चूल एक नि वाटण्या वेगळ्या. चालायचंच.

बाहेरून इकडं येणाऱ्या गाड्यांचं उलटंच. टेस्लाचं ऐकलंत ना, 2025 च्या जुलैत मुंबईत बीकेसीला दुकान उघडलं. गाडी शांघायची. आणि इथं तेव्हा किंमत? जवळजवळ 60 लाख! ड्युटीच तेवढी. ह्यांना म्हटलं, साठ लाखांत न्हावऱ्याला किती एकर येईल, तर पेपर वर केला.

पण आमच्याकडं सध्या चर्चा निराळीच आहे. आमचा पुतण्या चाकणला, जर्मन कंपनीत. तिथल्या गाड्या मेक्सिकोला जातात, वर्षानुवर्षं जातायत. व्हेंटो म्हणे तिकडं घराघरात. आणि आता मेक्सिकोनं 2026 पासून आपल्यासारख्यांच्या गाड्यांवर 50 टक्के जकात बसवली. पूर्वी 20 होती. चीनला अडवायला गेले नि आपणही त्यात आलो.

तर परवा ह्या पुतण्याला बघायला मुलीकडचे आले होते, दौंडचेच, केडगावला गुऱ्हाळ आहे त्यांचं. कांदेपोहे झाले, मुलगी-मुलगा आत बोलून आले, सगळं छान. पगार विचारला, फ्लॅटचा हप्ता विचारला. मग मुलीचे आजोबा, ऐंशीच्या घरातले, टोपी सारखी करून काय विचारतात? 'तुमच्या शेडमधनं मेक्सिकोच्या गाड्या निघत्यात का इथल्या?'

पुतण्या गप्प. भाऊजींचा चेहरा असा झाला... जाऊबाई पोह्यांवर पुन्हा खोबरं घालायला लागल्या. पुतण्या हळूच म्हणाला, 'दोन्ही, आजोबा.' आजोबा म्हणाले, 'बरं. मग आखाजीपर्यंत बघू.'

आता तुम्हीच सांगा, हो म्हणाले का नाही म्हणाले?