पूर्वज जमवून मिळतील

स्वतःच्या घराण्याचा शोध घ्यायला गेलं, की दोन-तीन पिढ्यांतच भाऊबंदकी आडवी येते आणि कुणीतरी सातबाऱ्याचा विषय काढतं. म्हणून मी सामुराईंची घराणी शोधतो. तिथे माझा एक गुंठाही अडकलेला नाही. रात्रीची जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडायचा आणि टोकियोच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयात शिरायचं. तिथल्या जुन्या पोथ्या पानन्‌पान घरबसल्या बघता येतात, तेही फुकट.

"तुम्हाला त्यातलं कळतं काय?" असं घरातून विचारलं जातं. त्या वळणदार लिपीतलं फारसं काही नाही. पण आजच्या बहुतेक जपान्यांनाही ती वाचता येत नाही. २०२१ साली तिच्यासाठी 'मिवो' नावाचं अ‍ॅपच काढावं लागलं. मी निदान मोडीवर तयार झालेला आहे. न कळणाऱ्या कागदाकडे आदराने कसं बघावं, हे मला येतं.

शोगुन सरकारने १८१२ साली सरदार घराण्यांची मोठी वंशावळ पुरी केली. एकूण भाग १५३०. माहिती मात्र ज्या त्या घराण्यानेच लिहून दिलेली, त्यामुळे कुणाचाही खापरपणजोबा सामान्य निघाला नाही.

या सगळ्या कारभारातला माझा लाडका माणूस म्हणजे क्योटोच्या दरबारातले उमराव कोनोए साकिहिसा. १५६६ मध्ये मात्सुदाइरा इएयासु या तरुण सरदाराला दरबारी पदवी हवी होती. पदवीला पूर्वीचा दाखला लागतो, आणि त्याचीच बोंब. साकिहिसांनी खटपट केली. एका जाणत्याला कुणा उमरावाच्या घरी सोयीची जुनी नोंद सापडली आणि त्याने ती नाक पुसायच्या कागदावर उतरवून आणली. हे साकिहिसांनीच पुढे पत्रात लिहून ठेवलंय. मात्सुदाइराचे तोकुगावा झाले, कूळ फुजिवारा. पुढे मिनामोतो कूळ जास्त शोभेल असं दिसल्यावर तेही लावून झालं.

१५८५ मध्ये गिऱ्हाईक आणखी मोठं आलं. हिदेयोशी. गरीब घरातून वर आलेला, अर्धाअधिक जपान मुठीत. पण सम्राटाचा मुख्य कारभारी व्हायचं तर जन्म फुजिवारांच्या मोजक्या घरांत हवा, आणि जन्म तर होऊन गेलेला! साकिहिसांनी त्याला मुलगा मानून घेतलं. तीर्थरूप १५३६ चे, चिरंजीव १५३७ चे. आपल्या वधूवर सूचक मंडळांनी आजवर नुसते जावई जमवले. या गृहस्थाने बाप जमवून दिला, तोही स्वतःच उभा राहून.

त्या मानाने घराण्यांची चिन्हं, म्हणजे कामोन, फार सरळ. सानादांच्या चिन्हात सहा नाणी आहेत: मेल्यावर वाटेतली नदी ओलांडायचं भाडं. लढाईला निघतानाच सुट्टे पैसे काढून ठेवणारं घराणं मला मनापासून आवडलं. चोसोकाबेंनी चक्क आंबुटी घेतली. ही उपटून संपत नाही, तसा आपला वंश संपू नये म्हणून. आमच्या कुंडीतली आंबुटी बायको दर रविवारी उपटते. तिला मी हे अजून सांगितलेलं नाही.

हाचिसुका घराण्याचं चिन्ह तिने पाहिलं तेवढं पुरे झालं.

"अहो, स्वस्तिक उलटं काढलंय त्यांनी."

म्हटलं, अगं, तोकुशिमाचे धनी आहेत ते. उत्पन्न २,५७,००० कोकु. एक कोकु म्हणजे एका माणसाचा वर्षाचा तांदूळ.

"असेल. उलटंच आहे."

आपलं चिन्ह ठाऊक नसलेल्या जपानी माणसाची सोय तिथल्या दुकानांनी केली आहे. समारंभाचा काळा किमोनो भाड्याने घेतला, की त्यावर बहुधा किरीच्या झाडाची पानंफुलं असतात. ती कुणालाही चालतात. हीच किरी थोड्याफार फरकाने पंतप्रधानांच्या भाषणाच्या टेबलावर असते, आणि हीच हिदेयोशींचं चिन्ह होती. म्हणजे किमोनो परत करेपर्यंत माणूस थेट हिदेयोशींच्या घरातला. फक्त आजोबांचं वय कुणी विचारू नये.