आठवा माणूस

संस्था नोंदणीच्या 1860 सालच्या कायद्यानुसार संस्था काढायला किमान सात माणसं लागतात. मराठी माणसाला ही अट कधी जड गेली नाही. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, चिटणीस, सहचिटणीस आणि खजिनदार ही पदं वाटून झाली की जो उरतो त्याला सदस्य करतात, आणि तो पुढच्या वर्षी फुटून दुसरी संस्था काढतो. आठव्या माणसाबद्दल कायदा काही बोलत नाही. हा आठवा म्हणजे देणगीदार. कायदा इंग्रजांनी केला, त्यांचं सोडा. पण आपल्या संस्था त्याला ज्या चिकाटीने विसरतात, त्याच्या निम्म्या चिकाटीने निधी जमवला असता तर गल्लोगल्ली इमारती उभ्या राहिल्या असत्या.

कार्यकारिणीची सभा एकदा बघण्यासारखी असते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच चार माणसांत पुन्हा भरते. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम होईपर्यंत एक तास जातो, कारण मागच्या सभेत नेमकं काय ठरलं यावरच दोन तट असतात. 'निधी संकलन' हा विषय शेवटून दुसरा. त्याच्यापाशी येईतो चहा झालेला असतो, बिस्किटं मऊ पडलेली असतात आणि कुणाला तरी शेवटची बस गाठायची असते. मग कार्याध्यक्ष म्हणतात, "सीएसआर बघू या की." सगळे माना डोलावतात. विषय संपला.

2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी, म्हणजेच सीएसआरसाठी, खर्च करायला लावले, तेव्हापासून राज्यातल्या प्रत्येक संस्थेची अशी समजूत आहे की कंपन्या ते दोन टक्के हातात धरून दारात उभ्या आहेत आणि घेणारा कुणी भेटत नाही म्हणून हवालदिल आहेत. सहचिटणिसांचा मेहुणा एका कंपनीत असतो. तो पर्चेसला असतो, पण ते गौण. चाळीस पानी प्रस्ताव तयार होतो आणि टायरवाल्यांपासून टूथपेस्टवाल्यांपर्यंत सगळ्यांना तोच जातो. टूथपेस्टवाल्यांच्या प्रतीत तिसऱ्या पानावर टायरवाल्यांचं नाव तसंच राहिलेलं असतं.

तरीही एखाद्या कंपनीचं उत्तर येतं, आणि खरी पंचाईत तिथे होते. त्यांना तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल हवे असतात, सीएसआर-1 चा नोंदणी क्रमांक हवा असतो, विश्वस्तांची नावं असलेला धर्मादाय कार्यालयाचा शेड्यूल वनचा उतारा हवा असतो. उताऱ्यावर पहिलंच नाव ज्यांचं, त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ संस्था गेली कित्येक वर्षं निबंध स्पर्धा घेत असते. विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट दाखल झालेला असतो, पण त्याला दुसऱ्या तटाची हरकत असते. कंपनीतली ती बिचारी मुलगी विचारते, "सर, सध्याचे विश्वस्त नक्की कोण?" याचं उत्तर खुद्द विश्वस्तांना हवं असतं.

सीएसआर बारगळला की 'संस्थेच्या मदतीसाठी' सुगम संगीताचा कार्यक्रम ठरतो. नाट्यगृहाचं भाडं, वादकांचं मानधन, ध्वनिव्यवस्था, पाहुण्यांचा प्रवास, शाल, श्रीफळ, स्मरणचिन्ह. सत्कार किती? जितके विश्वस्त तितके, शिवाय निवेदिका. तिकिटं छापली जातात आणि तितकेच पासही छापले जातात, कारण कार्यकारिणीतल्या प्रत्येकाला नातेवाईक असतात. वर स्मरणिका. तिची पहिली सोळा पानं मंत्र्यांच्या शुभेच्छांना, मागची पानं जाहिरातींना. त्यांतले अर्धे पैसे 'येतील, आपलेच आहेत ते' या सदरात. कार्यक्रमाच्या रात्री पहिल्या पाच रांगा 'निमंत्रितांसाठी राखीव' असतात आणि शेवटपर्यंत रिकाम्या राहतात. पाचशेचं तिकीट स्वतःच्या खिशातून काढलेले गृहस्थ अकराव्या रांगेत खांबाआड बसून, मान तिरकी करून, ज्यांनी काही दिलं नाही त्यांचे सत्कार पाहत असतात. महिनाभराने हिशेब लागतो. खजिनदार 'अल्पशी तूट' असं लिहितात आणि ती भरून काढण्यासाठी पुढच्या वर्षी लावणी महोत्सव घ्यावा अशी सूचना येते.

मदतीच्या आवाहनाची भाषा तर आपण कायमची ठरवूनच टाकली आहे. 'सढळ हस्ते', 'फूल ना फुलाची पाकळी', 'खारीचा वाटा'. किती हवेत, कशासाठी हवेत, कधीपर्यंत हवेत, हे मात्र लिहायचं नाही; लिहिलं तर पुढे हिशेब द्यावा लागेल. शेजारी एका रडक्या मुलाचा फोटो. तो मुलगा संस्थेतला असेलच असं नाही. खाली क्यूआर कोड, आणि तो स्कॅन केला तर संस्थेऐवजी खजिनदारांचं स्वतःचं नाव येतं. "खात्याचं काम चालू आहे हो, तोवर माझ्यावरच टाका." हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. यात पैसे खाल्ले जातातच असं नाही, बहुतेक खजिनदार पदरमोड करणारेच असतात. पण देणाऱ्याला तसं वाटायला एवढं पुरतं, आणि एकदा वाटलं की तो परत येत नाही.

देणारेही काही कमी नाहीत, हे कबूल केलं पाहिजे. पाण्याच्या कूलरवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं चार ओळींत रंगवून घ्यायला माणसं एका पायावर तयार असतात. तो कूलर चालवणाऱ्या विजेचं जुलैचं बिल वडिलांच्या स्मरणार्थ भरायला अजून कुणी पुढे आलेलं नाही, कारण बिलावर फलक बसवता येत नाही. शाळेतल्या बाईंच्या पगाराचंही तसंच. म्हणून प्रस्तावात पगार दाखवायचाच नाही, आणि मग शाळेला इमारत आहे पण शिकवायला कोणी नाही, म्हणून सगळ्यांनी हळहळायचं.

याच मुलखात अंताजी दामोदर काळे माणसामागे वर्षाला एक पैसा मागत गावोगाव हिंडले आणि त्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. भाऊराव पाटलांनी मुलांच्या वसतिगृहासाठी घराघरांतून मूठभर धान्य मागितलं. सत्तरी ओलांडलेले अण्णासाहेब कर्वे 1929 मध्ये परदेशांच्या वाऱ्या करायला निघाले, तेही विद्यापीठासाठी निधी जमवायला. यांतल्या कुणाकडे चाळीस पानी प्रस्ताव नव्हता. एक पैसा देणाऱ्याला तो कशासाठी देतोय हे ठाऊक होतं आणि मागणाऱ्याला एक पैसा मागायची लाज नव्हती. आपल्याला लाखाखाली मागायची लाज वाटते. म्हणून दरवर्षी न चुकता हजार रुपये पाठवणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचं नाव चिटणिसांना आठवत नाही, आणि न देणाऱ्या कारखानदाराचा वाढदिवस पाठ असतो.

बरं, या बाईंना आयकरात सवलत तरी मिळते का? पत्रकावर '80जी' सगळ्यांत मोठ्या टायपात असतं. पण नव्या करप्रणालीत ती वजावट नाही. जुन्या प्रणालीतही दोन हजारांवरच्या रोख देणगीला नाही, आणि धान्य-कपडे दिले तर मुळीच नाही. बाई नव्या प्रणालीत आहेत. म्हणजे त्या कर वाचवायला देत नाहीत, कामाला देतात. संस्थेतल्या कुणाच्या हे लक्षात आलेलं नाही, कारण कुणी त्यांच्याशी बोललेलंच नाही. वर्षातला एकमेव फोन 30 मेच्या रात्री जातो: "मॅडम, तुमचा पॅन नंबर पाठवता का लगेच? पोर्टल बंद पडतंय." 2021-22 पासून 80जीवाल्या संस्थांना देणगीदारांची यादी आयकर खात्याला कळवावी लागते, उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये भरावे लागतात. बाईंनी दिलेल्या हजारांतले दोनशे असेही जातात.

तेव्हा तमाम विश्वस्तांना विनंती, लावणी महोत्सवाचं पुढे बघू. देणगीचं प्रमाणपत्र देणाऱ्याच्या हाती पडायची मुदत 31 मे आहे. ते वेळेत पाठवा, आणि सोबत पैसे कशावर खर्च झाले ते दोन ओळींत लिहा. शाल-श्रीफळ नको, पोस्टाचं तिकीट पुरे.