ड्रायर फिरतो, पण तापत नाही

एडिसन, न्यू जर्सी
आषाढ वद्य (तिथी कालनिर्णय बघून तुम्हीच लावा)

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं एकदम बोलता. त्यात पाऊस धरला की विजयदुर्गची रेंज जाते आणि बाबांचं अर्धवट उघडलेलं तोंड तेवढं आमच्या स्क्रीनवर उरतं. म्हणून ड्रायरची हकिकत कागदावर लिहितेय. दादाने गणपतीआधी होम-स्टेसाठी ड्रायर घ्यायचं काढलंय असं वहिनीने सांगितलं, तेव्हा हे पत्र त्यालाही वाचायला द्या. तो पहिलं पान वाचून उठेल. उठू देऊ नका.

आधी आईच्या शंकेचं उत्तर. फोनवर मी "ड्रायर गरम होत नाही" म्हटलं तेव्हा तू म्हणालीस, "आमचो कधीच गरम होणा नाय, त्येका कोण मोडलो म्हणता?" आई, आपल्या घरचा ड्रायर म्हणजे सेमी-ऑटोमॅटिकच्या बाजूची ती पिळायची टाकी. ती कपडे गरगर फिरवून पाणी उडवते, वाळवत नाही. इथला ड्रायर हे वेगळं कपाट असतं. आतलं पिंप सावकाश फिरतं, हीटर हवा तापवतो, पंखा ती हवा कपड्यांतून ओढतो आणि ओली झालेली हवा पाइपातून घराबाहेर टाकतो. तासाभरात जाड टॉवेलसुद्धा कडकडीत. निदान तसं व्हायला हवं. आमच्याकडे तासाभराने टॉवेल बाहेर काढला तर तो श्रावणात आपल्या पडवीत चार दिवस लटकलेल्या टॉवेलाइतकाच ओला आणि वर दमलेला निघाला.

तू म्हणशील, मागच्या अंगणात दोरी बांधा. अगं, अंगण आहे, ऊन आहे, दोरीसुद्धा आहे, पण बांधायला मनाई आहे. आमच्या वसाहतीच्या नियमांत बाहेर कपडे वाळत घालायला बंदी आहे, कारण म्हणे त्याने वसाहतीची शोभा जाते. फ्लोरिडा, मेन, व्हरमाँट अशा काही राज्यांनी कायदाच केलाय की दोरीवर कपडे वाळवायला कुणी अडवू शकत नाही. त्यांतल्या एकाही राज्यात आम्ही राहत नाही.

सूर्याचा विषय निघाला की बाबा किल्ल्यावरच्या साहेबाच्या कट्ट्यावर पोचतात हे मला ठाऊक आहे. तर बाबा, तुमच्या जावयांनी त्यातही लक्ष घातलंय. त्यांचं म्हणणं, 1868 साली सूर्याच्या प्रकाशातली ती हेलियमची पिवळी रेघ इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरने पाहिली तेव्हा तो इंग्लंडात होता. तो विजयदुर्गात आला 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाला, दुर्बिणी आणि आरमारी बोटीवरची माणसं घेऊन. हेलियम विजयदुर्गात सापडला असं तुम्ही पर्यटकांना सांगता ती तीस वर्षांची गल्लत आहे, असं ते म्हणतात. मी मधे पडलेले नाही. गणपतीत समोरासमोर बसून मिटवा. मला एवढंच म्हणायचंय की जिथे साहेब सूर्य बघायला बोट घेऊन आला त्या गावची मी मुलगी, आणि इथे मला ओल्या टॉवेलला ऊन दाखवायचं तर कमिटीची परवानगी लागते.

आता मूळ बिघाड. बटण दाबलं की पिंप फिरे, दिवा लागे, वेळ संपला की शिट्टीही वाजे. फक्त ऊब नाही. मेकॅनिक नुसता दारात येण्याचे शंभराच्या वर डॉलर घेतो, मशीनला हात लावण्याचे वेगळे. हे ऐकून जावईबापूंमधला इंजिनिअर जागा झाला. (ते सॉफ्टवेअरवाले आहेत हे तुम्हाला माहीतच आहे. बंद करून चालू करण्याचा उपाय त्यांनी आधीच करून पाहिला होता.) इंटरनेटवर दोन व्हिडिओ बघून त्यांनी निदान केलं: हीटरची कॉइल गेली. मीटर न लावता, मशीन न उघडता निदान, आणि तेवढ्यावर नवी कॉइल मागवली. ती आली, रविवारी मागचं पत्र्याचं झाकण निघालं, दोन्ही मुलं टॉर्च धरायला उभी राहिली, आणि संध्याकाळी नवी कोरी कॉइल बसवलेला ड्रायर पूर्वीइतकाच गार फिरू लागला.

तेव्हा बाबांना फोन लावला. बाबा, तुमची खांबावर चढून गेलेली सगळी वर्षं त्या एका वाक्यात होती: "आदी सप्लाय बघ, मगे मशीन उघड. एक फेज गेली असतली." जावई हसले, म्हणाले, हे कोकण नाही, इथे फेज जात नाही. मग त्यांनी वाचलं आणि हसू मावळलं. इथल्या घरात 120 व्होल्टच्या दोन गरम तारा येतात. दिवे, पंखे, टीव्ही एकेका तारेवर चालतात. ड्रायरच्या हीटरला मात्र दोन्ही लागतात, 240 व्होल्ट. पिंप फिरवणारी मोटर बिचारी एकाच तारेवर भागवते. म्हणजे दोन्हींतली मोटरची नसलेली तार मेली तर ड्रायर फिरतो, पण तापत नाही. पंखा फिरतोय आणि विहिरीवरचा पंप नुसता हुंकारतोय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. इथे त्यासाठी लेख लिहिलेले आहेत.

म्हणून दोघांनी मिळून सप्लाय बघितला. ड्रायरचा ब्रेकर 30 अँपिअरचा, जोडीचा असतो. तो पूर्ण पाडून पुन्हा वर केला. मग ह्यांनी मीटर एसी व्होल्टवर लावून सॉकेटमध्ये पाहिलं, मी शेजारी लाकडी झाडू घेऊन उभी होते (तुम्ही शिकवलंत म्हणून, त्यांना वाटलं मी रागावलेय). मीटरने 240 च्या आसपास दाखवलं. फेज शाबूत. बाबा, निदान तुमचंही चुकलं, पण क्रम बरोबर होता, आणि तुमच्या जावयांनी हे स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय.

मग प्लग काढून मशीन पुन्हा उघडलं. मागे खाली पत्र्याचा एक डबा असतो, त्यात नायक्रोमची कॉइल. ही पाच हजार वॉटच्या वर वीज खाते, आपल्या बाथरूममधल्या गीझरच्या दुप्पट-अडीचपट. म्हणून तिच्या डब्यावरच दोन पहारेकरी बसवलेले असतात. एक थर्मोस्टॅट, जो फार तापलं की तोडतो आणि निवल्यावर पुन्हा जोडतो. दुसरा थर्मल कट-ऑफ. तो पाच रुपयांच्या नाण्याएवढा, दोन पिना असलेला तुकडा. हद्दीबाहेर तापलं की तो एकदाच तुटतो आणि पुन्हा जुळत नाही. आपल्या फ्यूजसारखी त्यात तार घालता येत नाही. बाबा, तुमचा हात शिवशिवला असेल, पण त्याला बगल देऊन तार जोडण्याची कल्पनाही करू नका. घरं पेटतात ती तशीच.

काढून ठेवलेल्या जुन्या कॉइलला मीटर लावलं. साधारण 10 ओहम. म्हणजे ती ठणठणीत होती, नव्या कॉइलचे पैसे फुकट गेले. थर्मोस्टॅटला लावलं, मीटर पी करून वाजलं. कट-ऑफला लावलं, चिडीचूप. धाकटीने विचारलं, "हा मेला?" मी म्हटलं, हो, हा मेला म्हणून आपण जिवंत आहोत. हे दोन्ही भाग जोडीने मिळतात आणि जोडीनेच बदलतात. कॉइलपेक्षा स्वस्त. मागवले.

इथे गोष्ट संपली असं जावयांना वाटलं. मी सहज आईला सांगितलं, की मिळाला हो चोर. आई, तू तेव्हा लसूण सोलत होतीस, मान वर न करता विचारलंस, "पण तो तापलो कशान? वारो खंयसून भायर पडता?"

बाबांना फेज आठवते, ह्यांना व्हिडिओ आठवतो. जन्मभर मे महिन्यात आमसुलं आणि आंब्याची साठं वाळवलेल्या बाईला वारा आठवतो. ऊन कितीही कडक असो, वारा पडला की साठं वरून करपतात आणि आतून चिकट राहतात हे तू आम्हाला लहानपणीच दाखवलंस. जेटीवर बांगडे सुकत घालणाऱ्या बायकासुद्धा आधी वाऱ्याची दिशा बघतात, मग आभाळ. ड्रायरला वेगळं काही लागत नाही. हीटर पाणी कपड्यातून उठवतो, ते उचलून न्यायला हवा चालती लागते. ती अडली की उष्णता हीटरच्या डब्यातच साचते आणि शेवटी पहारेकरी जीव देतो.

बाहेर जाऊन बघितलं. भिंतीतून चार इंची पाइप निघतो, त्याच्या तोंडाला हवेने उघडणारी झापं असतात. झापं अर्धवट उघडी अडकलेली, आणि आत चिमणीचं घरटं! रिकामं होतं, पिल्लं उडून गेलेली. ही आपल्याकडच्याच जातीची चिमणी बरं का, इथली मूळची नव्हे. 1850 च्या सुमारास युरोपातून आणून ब्रुकलिनमध्ये सोडली आणि अमेरिकाभर पसरली. व्हिसा-बिसा काही नाही. तिने गवताच्या काड्या बाहेरून आणल्या होत्या आणि बाकी सगळं सामान आमच्याच पाइपातलं. ड्रायरमध्ये कपड्यांची लव सुटते, तिला इथे लिंट म्हणतात. तिच्यासाठी दाराजवळ जाळी असते, ती आम्ही दर वेळी साफ करतो, पण जाळीतून निसटलेली लव पाइपात बसते. चिऊताईने ती मऊमऊ लव अंथरून घरात राजेशाही थाट केला होता. घरट्याला माझ्या दोन्ही निळ्या पंजाबी ड्रेसांचा रंग आलेला.

भिंतीतला पाइप व्हॅक्युमने आणि लांब दांड्याच्या ब्रशने साफ करायला दुपार गेली. आतून निघालेला ढीग बघून ह्यांनी मुलांना आकडेच वाचून दाखवले. इथल्या सरकारी अग्निशमन खात्याचा हिशेब आहे: 2008 ते 2010 या काळात घरांतल्या ड्रायरमुळे वर्षाला सरासरी 2,900 आगी, आणि सर्वांत मोठं कारण, 34 टक्के, साफसफाई न करणं. मशीनपासून भिंतीपर्यंतचा मऊ प्लास्टिकचा पाइप आधीच्या मालकाने लावलेला होता, तोही काढून धातूचा लावला. नवा कट-ऑफ, नवा थर्मोस्टॅट बसवला. बटण दाबलं आणि मी बाहेर जाऊन झापांसमोर हात धरला. गरम, दमट, साबणाचा वास असलेली हवा. शेजारच्या अमेरिकन आजी कुत्रा फिरवत होत्या. मी भिंतीला हात दाखवून हसतेय हे बघून त्यांनी कुत्र्याला जरा लांबून नेलं.

जाता जाता एक गंमत. 1938 च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आलेल्या पहिल्या ऑटोमॅटिक ड्रायरचं नाव काय ठेवलं असेल? 'जून डे'. जूनमधल्या दिवसासारखे वाळलेले कपडे! कारखाना विस्कॉन्सिनमधला. मृगात देवगड तालुक्यात एक चड्डी वाळवून दाखवली असती तर त्या लोकांनी नाव बदललं असतं.

आता दादासाठी, आणि हे वहिनीने मोठ्याने वाचावं. चाकरमानी गणपतीला येणार, रोज दहा माणसांचे ओले कपडे आणि वर पाहुण्यांच्या चादरी, हे सगळं खरं. पण दुकानदार मशीनच्या किलोंबद्दल बोलेल, पाइपाबद्दल नाही. तू पाइपाचंच विचार. हवा बाहेर टाकणारा ड्रायर घेतलास आणि पाइप बाहेर न काढता मागच्या खोलीत बसवलास, तर चादरींतलं सगळं पाणी खोलीच्या भिंतींवर जाईल आणि गणपतीनंतर गाद्यांना बुरशी येईल. पाइप नको असेल तर कंडेन्सरचे किंवा हीट पंपचे ड्रायर मिळतात. त्यांत पाणी टाकीत जमतं आणि हीट पंपवाला वीजही कमी खातो. पण किंमत जास्त, आणि खाऱ्या हवेत त्याची नाजूक जाळी किती टिकेल ते विचारून घे. ड्रायर कुठलाही असो, त्याला वेगळी लाइन, जाड वायर आणि नीट अर्थिंग बाबांनी स्वतः तपासल्याशिवाय प्लग लावू नकोस. आणि पावसात आपल्याकडे व्होल्टेज किती उतरतं ते आठवड्याभर मीटर लावून लिहून ठेव. व्होल्टेज फार पडलं की हीटर निम्मासुद्धा तापत नाही.

माझं मत विचारशील तर या वर्षी ड्रायर नको. मागच्या पडवीला वरून पारदर्शक पत्रा घाल, दोन बाजू उघड्या ठेव, दोऱ्या उंच बांध आणि भिंतीवर एक मोठा पंखा लाव. कपडे पिळायला घरची ती गार टाकी आहेच. सगळं मिळून ड्रायरच्या किमतीचा तुकडाही होणार नाही. आणि तरीही घ्यायचाच ठरला, तर भिंतीला चार इंची भोक पाडायला गवंडी आधी बोलाव, पैसे नंतर भर. भोकाला हवेने उघडणारी झापं लावायला विसरू नकोस, जाळी मात्र नको, तीत लव अडकते.

बाबांचा मीटर आणायला जावई येतायत, जुना बिघडलेला नव्हे, चालू असलेला काढून ठेवा. मुलांचे तुम्हाला नमस्कार.

तुमची लेक