माळमड्डीचा डी-४० आणि विद्यानगरचा डी-३५००

धारवाडात जन्मलेल्या माणसाला तुलना करायला शिकवावं लागत नाही. पेढा ठाकुरांचा चांगला की मिश्रांचा, यावर आमच्याकडे दोन पिढ्या एका पंक्तीला बसून भांडल्या आहेत, आणि भांडताना दोन्हीकडचे पेढे संपवले आहेत. हुबळीला बेंद्रे बसनं जावं की चिगरीनं, या विषयावर निघणारा माणूस इतका वेळ बोलतो की तेवढ्यात दोन्ही बस निघून जातात. हुबळी आणि धारवाड एका महापालिकेखाली आले १९६२ साली. साठ वर्षं उलटून गेली, तरी धारवाडकर वीस किलोमीटरवरच्या हुबळीबद्दल 'व्यापारी गाव आहे हो' असं म्हणतो, आणि हुबळीकर धारवाडबद्दल 'पाऊस आणि प्रोफेसर, दुसरं काय आहे तिथं' असं म्हणतो. दोघांचंही खरं असल्यामुळे वाद मिटत नाही.

अशा घरात कॅमेऱ्याचा प्रश्न निघाला, तेव्हा तो कॅमेऱ्यापुरता राहील अशी आशा करणंच चूक.

आमच्या ताईची गौरी कर्नाटक विद्यापीठात पत्रकारितेला लागली आणि तिनं कॅमेरा मागितला. नवा आणू या, असं कुणाच्याही तोंडून निघालं नाही, कारण घराण्यात दोन होते. माळमड्डीत अण्णाकाकांकडे निकॉनचा डी-४०, आणि हुबळीला विद्यानगरात विनायककडे निकॉनचाच डी-३५००. दोन्ही नवशिक्यांसाठी काढलेले, दोन्ही त्या त्या काळात कंपनीच्या सगळ्यात खालच्या पायरीवरचे. दोघांनीही मोठ्या मनानं 'माझा ने' म्हणून सांगितलं आणि घोळ तिथंच झाला. एकाचा घेतला की दुसऱ्याचा नाकारला, असं होणार. मग मला पंच नेमलं. मी पुण्यात राहतो आणि माझ्याकडे कॅमेरा नाही. निःपक्षपातीपणाला एवढी पात्रता पुरते.

थोडा इतिहास सांगतो, कारण काकांनी मला तो सांगितल्याशिवाय चहा दिला नव्हता. २००३ साली कॅननचा ३००डी हजार डॉलरच्या आत आला, आणि तोपर्यंत स्टुडिओवाले आणि पेपरवाले यांच्याच गळ्यात दिसणारा डिजिटल एसएलआर सर्वसामान्य गळ्यात येऊ लागला. निकॉनचा डी-४० आला नोव्हेंबर २००६ मध्ये. काका त्याच सुमारास बँकेतून निवृत्त झाले होते. फंडाचे पैसे हातात आले, काकू चारधामची माहितीपत्रकं आणत होत्या, आणि घरात कॅमेरा आला. डी-३५०० आला ऑगस्ट २०१८ मध्ये. त्याच वर्षी चिगरी बस धावू लागली. विनायकनं या दोन घटना इतक्या वेळा एका दमात सांगितल्या आहेत की, निकॉननं हुबळीची सोय बघूनच मुहूर्त धरला असावा असं वाटावं.

मी आधी वजनापासून सुरुवात केली. बॅटरी सोडून डी-४० भरतो ४७५ ग्रॅम, डी-३५०० भरतो ३६५. विनायक म्हणाला, "बघा री काका, बारा वर्षांत किती हलका झाला!" काका म्हणाले, "हलकेपणा वाढला हे मलाही दिसतंय की. फक्त कॅमेऱ्यातच नव्हे." पहिला गुण कुणाला द्यायचा ते मला कळेना. मी तो मोकळा ठेवला.

मग मेगापिक्सेल. काकांचा सहा, विनायकचा चोवीस. चौपट, यात वाद नाही. पण आतल्या सेन्सरचं क्षेत्रफळ दोघांचंही जवळजवळ तेवढंच. माळमड्डीत सध्या जे चाललंय तेच इथंही झालंय. प्लॉट तोच, कौलारू घर पाडून त्यावर चार मजले चढवलेत. पूर्वी साठ लाख बिऱ्हाडं नांदायची, आता सुमारे अडीच कोटी कोंबलीत. शिवाय चौपट म्हटलं की छाती दडपते, पण फोटोची रुंदी ३००८ ठिपक्यांवरून ६००० वर गेलीय, म्हणजे दुप्पटच. चांगल्या छपाईला काकांचा फोटोही दहा इंच रुंद निघतो, आणि आमच्या घरातली सगळ्यात मोठी फ्रेम त्याहून लहान आहे. तीत आजोबा आहेत, आणि त्यांना काढायचा विचार कुणाच्याही मनात नाही.

तरीही चोवीस मेगापिक्सेलचा खरा प्रताप मला सुमाआत्यानं दाखवला. प्रयोगासाठी तिला दोन्ही कॅमेऱ्यांसमोर बसवलं. अंगावर जुनी इरकल, जांभळी, लाल टोपपदराची. डी-४० च्या फोटोत साडी झगझगीत दिसली. डी-३५०० चा फोटो विनायकनं लॅपटॉपवर उघडला आणि कौतुकानं मोठा मोठा करत गेला. पदराचा धागान् धागा दिसू लागला. मग पदराच्या काठाशी बोटभर जागेत उभे-आडवे बारीक टाके दिसले. रफू. जांभळ्या रेशमावर किंचित वेगळ्या जांभळ्या दोऱ्यानं केलेलं, घरातल्या एकाही बाईच्या नजरेला आजवर न सापडलेलं. खोलीत शांतता पसरली. आत्या उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "अण्णाचा कॅमेरा चांगला. घरची गोष्ट घरात ठेवतो." हा गुण मी ताबडतोब डी-४० च्या नावावर मांडला. पंचालाही जेवायचं असतं.

विनायकला हे लागलं. तो म्हणाला, "हुबळीला चला, तिथं बघू." हुबळीला बघायचं म्हणजे काय, हे सांगायला नको. श्री सिद्धारूढ स्वामीजी रेल्वे स्थानकाचा फलाट, जगातला सगळ्यात लांब, १५०७ मीटर, मार्च २०२३ पासून. त्याआधी हा मान गोरखपूरकडे होता, १३६६ मीटर. म्हणजे हुबळीकराला गोरखपूरकरापेक्षा १४१ मीटर जास्त अभिमान आहे, आणि पाहुण्याला तो पायी दाखवायची पद्धत आहे. दोघंही फलाटाच्या टोकाला उभे राहिले. दोन्ही कॅमेऱ्यांवर अठरा ते पंचावन्न मिलिमीटरची लेन्स, त्यामुळे अठराच्या पलीकडे रुंद कुणालाच बघता येईना. दोघांच्याही फोटोत फलाट पुढं पुढं जाऊन एका ठिपक्यात संपला. काका म्हणाले, "ठिपकाच काढायचा तर सहा मेगापिक्सेल पुरे." पण विनायकनं आपला फोटो मोठा केला, तेव्हा लांबवरच्या छताखाली बाकावर पाय वर घेऊन झोपलेला माणूस स्पष्ट दिसला. काकांच्या फोटोत त्याच जागी नुसतं धुरकट काहीतरी होतं. त्या झोपलेल्या माणसानं डी-३५०० ला एक गुण मिळवून दिला. त्याला याचा पत्ताही नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी काकांनी आम्हाला साधनकेरीच्या तळ्याकाठी नेलं. बेंद्र्यांचं घर तिथून दोन पावलांवर, पण काकांना त्या दिवशी कवितेपेक्षा फ्लॅशचं पडलं होतं. "उन्हात फ्लॅश?" गौरीनं विचारलं. काकांना याच प्रश्नाची वाट होती. डोक्यावर ऊन असलं की माणसाच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. ते भरून काढायला फ्लॅश लागतो. पण उन्हात शटर वेगानं चालवावं लागतं, आणि फ्लॅशबरोबर डी-३५०० चं शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागापर्यंतच जातं. डी-४० चं पाचशेव्या भागापर्यंत. त्याचा जुना सीसीडी सेन्सर स्वतःच प्रकाश बंद-चालू करू शकतो, म्हणून हे जमतं. नव्यात ते गेलं. काकांनी गौरीचा फोटो काढला, चेहरा उजळ, मागचं आभाळ निळं. विनायकनं काढला, चेहरा उजळ, आभाळ पांढरं. विनायकनं लेन्सचं छिद्र बारीक करून तेही निळं करून दाखवलं, पण तेवढ्यात गौरीचं हसू संपलं होतं. हा गुण डी-४० ला.

रात्रीची परीक्षा सृजना रंगमंदिरात. धारवाडला गाण्याचा फोटो काढणं म्हणजे जिवावरचं काम. मन्सूर, राजगुरू यांना समोर बसून ऐकलेली म्हातारी मंडळी अजून पहिल्या रांगेत येतात. फ्लॅश मारला तर बाहेर काढतील, शटर वाजलं तर नजरेनंच काढतील. काकांचा आयएसओ १६०० ला थकतो. ओढूनताणून एक पायरी वर नेला, तर गवयाच्या शालीवर वाळू पसरल्यासारखी दिसते. विनायकचा २५,६०० पर्यंत जातो, सोळापट. वर त्याला हळू आवाजाची सोयही आहे. काकांनी विलंबितात श्वास रोखून एकच फोटो काढला. शटरचा 'खाट' बरोबर समेच्या आधी अर्धी मात्रा पडला. शेजारच्या आजोबांनी मान वळवली, काकांकडे पाहिलं, आणि नुसतं म्हणाले, "घाई झाली." तो गुण डी-३५०० ला. काका घरी येईपर्यंत बोलले नाहीत.

चेहरा ओळखण्याची सोय निघाली तेव्हा मात्र ते बोलले. विनायकच्या कॅमेऱ्यात मागचा पडदा चालू केला की तो स्वतःच माणसाचा चेहरा शोधून काढतो. काका जे.एस.एस. कॉलेजात जी. ए. कुलकर्ण्यांच्या वर्गात बसलेले. ते म्हणाले, "आमच्या सरांचा शोधून दाखवला असता तर मानलं असतं." जी.ए. सभासमारंभ आणि प्रसिद्धी यांपासून किती दूर राहायचे, ते मराठी वाचकाला सांगायला नको. काकांच्या डी-४० ला फोकसचे तीन बिंदू, विनायकच्याला अकरा. सरांनी चौदाही बिंदूंना हुलकावणी दिली असती, यावर दोघांचं प्रथमच एकमत झालं.

शेवटी कुटुंबाचा ग्रुप फोटो, आणि इथं मला या सगळ्या प्रकरणाचं मर्म कळलं. काकांच्या बाहेरच्या खोलीत सोळा माणसं. मागं सरकायला जागा नाही, पाठ भिंतीला टेकलेली. म्हणून लेन्स अठरावर. आणि अठरावर कडेची माणसं ताणली जातात, हा प्रकाशशास्त्राचा नियम आहे. डी-४० मध्ये डाव्या कडेची मामी रुंद झाली. डी-३५०० मध्ये मामी तितकीच रुंद झाली, फक्त जास्त स्पष्ट. मामीनं दोन्ही फोटो पाहिले आणि विचारलं, "बारा वर्षं हे लोक करत काय होते?"

तिचं बरोबर आहे. या बारा वर्षांत कॅमेरा हातात धरणाऱ्यांची जवळपास प्रत्येक तक्रार कंपनीनं ऐकली. अंधारात दिसत नाही म्हणाले, दाखवलं. बॅटरी उतरते म्हणाले, एका चार्जला दीड हजार फोटोंची बॅटरी दिली. व्हिडिओ नाही म्हणाले, दिला. समोर उभं राहणाऱ्यांची एकही तक्रार ऐकली नाही. मी जाड दिसते. माझा डोळा मिटला. मला मागं का उभं केलं. या तीन प्रश्नांवर २००६ आणि २०१८ यांच्यात काडीचा फरक नाही. आणि हे सगळे फोटो शेवटी गेले कुठं, तर कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. तिथं सहा असो की चोवीस, दाबून-चेपून सगळ्यांचे जेमतेम दोन मेगापिक्सेल होतात. एवढी समता आमच्या घरात दुसरीकडे कुठंच पाहिलेली नाही.

एक शोध राहिला होता. काकांची लेन्स विनायकच्या कॅमेऱ्यावर बसली आणि मुकाट्यानं फोकसही करू लागली. विनायकची नवी एएफ-पी लेन्स काकांच्या कॅमेऱ्यावर बसली, पण फोकस होईना. हातानं रिंग फिरवली तरी आत काही हलेना. काका म्हणाले, "जुन्यांनी नव्यांशी जुळवून घ्यायचं. नव्यांना ती सवय नाही. लिहून ठेव." मी लिहून ठेवलं आणि त्याचाही एक गुण डी-४० ला दिला.

बेरीज केली. डी-४० एका गुणानं पुढं. मी निकाल वाचला आणि काकांकडे पाहिलं, तर चेहरा पडलेला. "म्हणजे... आजच नेणार?" त्यांनी विचारलं. गौरीनं पिशवी उघडली. त्यासरशी काका विनायकच्या बाजूनं उभे राहिले. "अगं, पण दीड हजार फोटो निघतात त्याचे एका चार्जला! आणि तुमच्या त्या बातमीदारीत व्हिडिओ लागणार. अंधारात धावपळ. माझ्याला व्हिडिओच नाही. रफूचं म्हणशील तर पत्रकाराला रफू दिसलंच पाहिजे!"

आता विनायकची पाळी. "तसं नाही री काका," तो घाईघाईनं म्हणाला, "सहा मेगापिक्सेलनं आजवर कुणाचं अडलंय? शिवाय माझा आता नवा कुठं राहिला? डी-३५०० बनवायचाही बंद झालाय." जो तो दुसऱ्याच्या कॅमेऱ्याचे गुण गाऊ लागला. हुबळी-धारवाडच्या इतिहासात इतका आदर एकमेकांना कधी मिळाला नसेल. पण काका जुने कारकून, बाजू मांडण्यात विनायक त्यांच्यापुढं टिकला नाही. डी-३५०० गौरीच्या पिशवीत गेला.

परवा विनायकचा फोन आला. सिद्धारूढ मठाच्या रथोत्सवाला फोटो काढायला त्यानं काकांकडून डी-४० मागून नेला होता. भर उन्हात रथ ओढतानाचे फोटो. त्याबद्दल तो मला बराच वेळ समजावून सांगत होता. "फ्लॅश पाचशेपर्यंत जातो, तुला ठाऊक आहे का? आभाळ काय निळं आलंय! नाहीतर ते नवे कॅमेरे. दोनशेच्या फ्लॅशनं काय होतं री?"