आवक-जावक शाखेचे अर्जकाका

चेन्नईहून अरकोणमकडे जाणारी लोकल विल्लिवाक्कम, अंबत्तूर, अण्णनूर ही स्थानके मागे टाकीत आवडीस येते, तेव्हा तिच्यातून उतरणाऱ्या तरुण मंडळींपैकी जे प्लास्टिकची फाइल छातीशी घट्ट धरून गर्दीतून वाट काढतात, ते बहुधा अर्जकाकांकडे निघालेले असतात. अर्जकाका हे कोणा एका माणसाचे नाव नव्हे. सरकारी कारखाना, सरकारी वसाहत आणि त्या वसाहतीच्या आसपासच घर बांधून राहिलेला सेवानिवृत्त मुख्य कारकून ही त्रयी जेथे जेथे एकत्र येते, तेथे तेथे, मग ते अंबरनाथ असो, देहूरोड असो की वरणगाव, हा इसम आपोआप उत्पन्न होतो. मी जवळून पाहिला तो आवडीचा नमुना.

आवडीस तो उत्पन्न होण्याला इतिहासाचाही आधार आहे. १९५५ च्या जानेवारीत ढेबरभाईंच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव संमत झाला. त्या ठरावाने देशाच्या पदरात समाजवाद किती पडला याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. आवडीच्या पदरात मात्र अर्ज भरपूर पडले. १९६१ साली अवजड वाहनांचा कारखाना निघाला, १९६५ च्या अखेरीस त्यातून पहिला विजयंत रणगाडा बाहेर आला, सैन्याचे कपडे शिवणारा कारखाना, पुढे इंजिनांचा कारखाना, रणगाड्यांचे संशोधन करणारी संस्था अशी खात्यांवर खाती वसत गेली, आणि रणगाडे दाराबाहेर पडत असताना त्याच दाराने आत शिरण्याच्या खटपटीत अर्जदार उभे राहिले. या संशोधन संस्थेचे मूळ आमच्या नगरच्या वाहन-संशोधन संस्थेत आहे. काका त्याच वाटेने, बदलीचा हुकूम खिशात आणि काकूंची नाराजी पाठीशी घेऊन, आवडीस रुजू झाले व परत जाण्याचे राहून गेले.

काकांची उमेदीची वर्षे आवक-जावक शाखेत गेली. भरतीची जाहिरात निघाली की पोत्यांनी अर्ज येत. त्यांची छाननी नियमाप्रमाणे साहेबांनी करावयाची, परंतु साहेबांच्या मेजावर कोणते पन्नास जावेत हे काकांचा उजवा अंगठा ठरवीत असे. कोणी सही विसरलेला, कोणी दाखल्याची नक्कल जोडावयाची राहिलेला, कोणी पोस्टल ऑर्डर भलत्याच हुद्द्याच्या नावे काढलेली, तर कोणी अर्हतेच्या रकान्यात घरची कर्मकहाणी सांगितलेली. हे सारे डाव्या गठ्ठ्यात पडत, आणि डाव्या गठ्ठ्याला पुनर्जन्म नसे. ज्याने हयातभर परक्यांचे अर्ज निकालात काढले त्याच्याइतका अर्जलेखनाचा अधिकारी पुरुष दुसरा कोण असणार? ‘तुझा कागद आधी साहेब वाचत नाही, कारकून वाचतो,’ हे त्यांचे मूळ सूत्र, आणि ‘कारकुनाला घरी जायची घाई असते’ हे त्यावरील त्यांचेच भाष्य.

एका सायंकाळी पट्टाभिरामकडचा एक वेल्डर आला. त्याच्या कागदावर वडिलांचे नाव, धर्म, रक्तगट आणि ‘प्रामाणिक व कष्टाळू’ एवढा ऐवज होता. काकांची तमिळ, त्याची इंग्रजी आणि मधूनमधून मदतीस येणारी माझी मराठी यांतून जी उलटतपासणी झाली, ती अशी.

“सार, मला काही येत नाही. फक्त वेल्डिंग येतं.”

“प्लेट किती जाडीची?”

“बारा एमएम.”

“सांधा आडवा की उभा?”

“उभा, सार. थ्रीजी.”

“एक्स-रे होतो?”

“प्रत्येकाचा.”

“गेल्या वर्षी परत किती आले?”

मुलगा खाली पाहू लागला. “दोन.”

काकांनी चष्मा सारखा केला आणि लिहिले: बारा मिलिमीटर जाडीच्या पोलादी प्लेटचे उभे सांधे, प्रत्येकाची क्ष-किरण तपासणी, गतवर्षी नाकारलेले सांधे दोन. ते दोन कृपा करून गाळावेत, अशी मुलाने हात जोडून विनंती केली. काका म्हणाले, “अरे, ते दोन आहेत म्हणून तर बाकीच्यांवर विश्वास बसेल.” वाङ्मयातील वास्तववादावर मी पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत, इतके थोडक्यात कोणी सांगितले नव्हते.

पदवीधरांची जात निराळी. वेल्डर आपले काम सांगावयास लाजतो, पदवीधर आपली विशेषणे सांगावयास लाजत नाही. त्याच्या कागदाच्या शिरोभागी ‘नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून स्वतःच्या व संस्थेच्या उत्कर्षास हातभार लावणे’ असे जे उद्दिष्ट विराजमान असते, त्यावर काकांची लाल शाई प्रथम पडते. “संस्थेचं उद्दिष्ट तू स्वस्तात मिळावास, तुझं उद्दिष्ट तू महाग विकला जावास. दोन्ही लिहिण्यासारखी नाहीत.” मग छंद. ‘वाचन’ असे लिहिणाऱ्यास शेवटचे पुस्तक कोणते हे विचारले असता तो छताच्या पंख्याकडे पाहतो, आणि पंखा एक फेरा पूर्ण करण्याच्या आत तो छंद कागदावरून नाहीसा होतो. एकाने ‘नेतृत्वगुण’ लिहिले होते.

“कोणाचं नेतृत्व केलंस?”

“कॉलेजची सहल नेली होती, सार. छप्पन मुलं.”

“परत किती आणलीस?”

“छप्पन.”

“मग गाढवा, हे लिही की!”

मराठी घरांत बायोडेटा या नावाचा आणखी एक दस्तऐवज नांदतो, हा काकांच्या कामातला खरा धोका. एका मातोश्रींनी घाईत चिरंजीवांची विवाहमंडळासाठी केलेली प्रत श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात रवाना केली. उंची, वर्ण, रास, नाडी हे त्या कारखान्याने सोसले असते. पण ‘अपेक्षा’ या सदराखाली ‘सुस्वभावी, निर्व्यसनी व एकत्र कुटुंबात राहण्याची तयारी असलेली’ असे वाचून तेथील कर्मचारी विभाग काही काळ विचारात पडला असावा. काकांनी तेव्हापासून दोन्ही दस्तऐवजांस निरनिराळ्या रंगांचे टॅग लावण्याचा दंडक घातला आहे.

शेजारी तंजावरकडचे एक राव राहतात. घराणे तिकडे इतक्या पिढ्यांचे की मराठी बोलतात ती आम्हांस समजून घ्यावी लागते. त्यांच्या मते रेझ्यूमेचा कळस सरफोजी राजांनी १८०३ साली गाठला. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले कुळाचा समग्र वृत्तांत त्यांनी मराठीत कोरून घेतला, तो आजही तेथे आहे. काकांनी हा दावा शांतपणे ऐकून घेतला आणि एवढेच म्हणाले, “राजाला नोकरी मागायची नव्हती. मागणाऱ्यानं दोन पानांत आटपावं.” त्यावर रावांनी माधवरावांचे नाव काढले. राजा सर टी. माधवराव, हेही तंजावरकडचेच मराठी. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी ओळीने केली. आठ-आठ महिन्यांनी नोकऱ्या बदलणाऱ्या मुलांस काका नाके मुरडतात, हे ठाऊक असल्यामुळेच रावांनी हा बाण राखून ठेवला होता. काका क्षणभर थांबले. “त्रावणकोरला किती वर्षं काढली?” “चौदाच्या वर.” “झालं तर! आधी चौदा काढा, मग इंदूरला जा.”

मी मात्र त्यांना एकदा लिओनार्दो दा विंचीच्या अर्जाची हकिकत सांगून गप्प करण्याचा प्रयत्न केला. १४८२ च्या सुमारास मिलानच्या लुडोविको स्फोर्झास उद्देशून त्याने जो मसुदा तयार केला त्यात हलके पूल, तोफा, शत्रूच्या रांगांत घुसणारी आच्छादित वाहने असा युद्धसामग्रीचा तपशील कलमवार दिला आहे, आणि चित्रकला येते ती अगदी शेवटी, शांततेच्या काळात मी हेही करू शकतो अशा थाटात. जगाने ज्यासाठी त्याला डोक्यावर घेतले ते त्याने तळाशी लिहावे, याचे मला नवल वाटले होते. काकांना वाटले नाही. “मिलानच्या सरदाराला चित्रकार नको होता, तोफा हव्या होत्या. या माणसानं जाहिरात वाचली होती.” मग किंचित हळहळून म्हणाले, “आच्छादित वाहन म्हणजे रणगाडाच की. आवडीला अर्ज केला असता तर उजव्या गठ्ठ्यात टाकला असता.”

हल्ली मोठ्या कंपन्यांत अर्ज प्रथम संगणकाच्या नजरेखालून जातो. जाहिरातीतील शब्द अर्जात सापडतात की नाही हे तो ताडून पाहतो. दोन रकान्यांची मांडणी, चौकटीत कोंडलेला मजकूर, टक्केवारी दाखविणारी रंगीत वर्तुळे यांपुढे त्याची मती अनेकदा गुंग होते. हे वर्तमान एका मुलाने भीतभीत काकांच्या कानी घातले, तेव्हा म्हातारा हादरेल असे आम्हां सर्वांस वाटले होते. परंतु त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले ते निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेतानाही दिसले नसेल. “म्हणजे आमच्याच शाखेचा माणूस बसवलाय!” त्या दिवसापासून ते जाहिरातीतील महत्त्वाच्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढतात आणि मुलाने ते काम खरोखर केले असेल तर तोच शब्द जसाच्या तसा अर्जात घालतात. केले नसेल तर घालत नाहीत. पुढे मुलाखतीत माणूस बसलेला असतो, हे ते विसरलेले नाहीत.

दोष म्हणाल तर आहेत. ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे’ ही प्रतिज्ञा, स्थळ, दिनांक व सही यांवाचून कागद संपला असे त्यांचे मन मानीत नाही, आणि खासगी कंपन्यांस तिची गरज नाही असे सांगणाऱ्याशी ते दोन दिवस बोलत नाहीत. राजपत्रित अधिकाऱ्याच्या साक्षांकनाऐवजी अर्जदाराची स्वतःचीच सही चालेल, असे २०१४ च्या सुमारास केंद्र सरकारने ठरविले तेव्हा, आणि १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या तेव्हा, त्यांनी सुतकासारखे दिवस काढले. सरकारी नोकरीस आता संगणकावरचे रकाने भरले की झाले; काकांकडे येतात ते अंबत्तूर, श्रीपेरुंबुदूर, ओरगडमच्या कारखान्यांकडे डोळे लावलेले.

आणि स्वतःचा अर्ज? निवृत्तीनंतर एका वाहतूक कंपनीत सल्लागार होण्याची हुक्की आली तेव्हा काकांनी तो लिहिला. सेवापुस्तकातील प्रत्येक वेतनवाढ, प्रत्येक अर्जित रजा व तीनदा झालेली कौतुकाची नोंद तारखेनिशी त्यात होती. नगरच्या शाळेतील स्काउटचे प्रमाणपत्रही होते. काकूंनी तो वाचला आणि चष्मा काढून सांगितले, “वाचायला घेतलं तेव्हा कुकर लावला होता, तो उतरवूनही झाला.” कंपनीकडून पोच आली नाही. तो अर्ज डाव्या गठ्ठ्यात गेला असणार हे काकांइतके कोणास कळणार? तरीही त्यांनी त्यातील एक ओळ कमी केलेली नाही.

काका सायंकाळी पाच ते सात घरी असतात. मोबदला घेत नाहीत, काकूंच्या हातचा चहा मात्र नाकारलेला त्यांना चालत नाही. जाताना नोकरीची जाहिरात बरोबर न्यावी. ती नसेल तर काका दार उघडतील, लाल पेनाचे टोपण उघडणार नाहीत.