पाय मोडला, टक्का बोला!

अपघातात पाय मोडला की खाटेजवळ सर्वांत आधी कोण पोहोचतं? बायको नव्हे, भाऊ नव्हे, आणि पंचनामा करणारे हवालदारसाहेब तर नव्हेच नव्हे. पोहोचतो तो ‘आपला माणूस’. पिशवीत चार मोसंबी, खिशात कोरं वकीलपत्र. भूल पुरती उतरायच्या आत तो कानाशी लागतो, “काळजी करू नका दादा, क्लेम टाकू. आमच्या वकीलसाहेबांना एक पैसाही द्यायचा नाही. मिळाले तर त्यातले वीस टक्के.” एक पैसा नाही आणि वीस टक्के, ही दोन वाक्यं एका श्वासात बसवायला रियाज लागतो.

या टक्क्याला साफ मनाई आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगतात की निकालावर फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा मागायचा नाही. दलाल पाठवून पक्षकार गोळा करायलाही बंदी आहे. म्हणजे मोसंबीसकट सगळंच बेकायदा. तेलंगणातल्या एका बाईचा नवरा रस्ते अपघातात गेला. भरपाई मिळाली, वकिलाने रकमेच्या प्रमाणात फी लावली. खात्यात पैसे नाहीत असं सांगूनही आपल्याकडून चेकवर सही घेतली, असं तिचं म्हणणं. चेक वटला नाही, तेव्हा वकिलाने चेक न वटल्याचा फौजदारी खटला टाकला तो आपल्याच अशिलावर! डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला रद्द केला आणि टक्क्याने फी घेणं सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे, असं स्वच्छ सांगितलं. निकालाची प्रत बार रूमपर्यंत पोहोचली असावी. मोसंबीवाल्यापर्यंत नाही.

दुसरा टक्का डॉक्टरांचा. जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला आणायचा. त्या रांगेत उभं राहायला दोन पाय धडधाकट लागतात ही बाब शासनाच्या अजून लक्षात आलेली नाही. दाखल्यावर समजा आलं, ४० टक्के. कशाचे? त्या एका पायाचे की सबंध देहाचे? बरेच दाखले तेवढं सांगत नाहीत आणि विमा कंपनीचे वकील नेमकं तेवढंच विचारतात. कोर्टाला तर तिसराच आकडा हवा असतो : कमाई किती टक्के बुडाली? ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने हे फोडून सांगितलंय. डावा हात गेला तर दाखला म्हणेल साठ टक्के. पण तो हात ड्रायव्हरचा किंवा सुताराचा असेल, तर बुडालेली कमाई जवळजवळ शंभर टक्के. सरकारी कारकुनाचा असेल, तर नोकरी कदाचित तशीच चालू राहील. (कारकुनांनी मनावर घेऊ नये, हे न्यायालयाचं मत आहे.)

हिशेबच मांडू. चौतीस वर्षांचा रिक्षावाला, खर्च वजा जाता महिना २० हजार. पुढे वाढली असती ती कमाई म्हणून ४० टक्के मिळवा, झाले २८ हजार. वर्षाचे ३ लाख ३६ हजार. ‘सरला वर्मा’ निकालाच्या तक्त्यात या वयाला गुणक आहे १६. गुणाकार ५३ लाख ७६ हजार. आता दाखल्यावरचे ४० टक्केच धरले तर हाती येतात २१ लाख ५० हजार ४००. आणि या पायाने रिक्षा पुन्हा चालवता येणार नाही, दुसरं काम हा माणूस जाणत नाही, हे पुराव्यानिशी पटवून दिलं तर सगळेच्या सगळे ५३ लाख ७६ हजार. औषधपाणी, वेदना वगैरे वेगळं. बत्तीस लाखांचा हा फरक पडतो डॉक्टरांना साक्षीला बोलावण्यावर, परमिट-बॅज दाखल करण्यावर आणि दोन चांगल्या साक्षीदारांवर.

तुम्ही म्हणाल, मग टक्केवारीवाला वकील जीव तोडून लढेलच की, त्याचाही वाटा वाढतो! इथेच आपण फसतो. वाटा वाढतो खरा, पण त्यासाठी डॉक्टरांच्या तारखा, उलटतपास, वर अपील. एक दावा असा लढवण्यात जितका वेळ जातो तितक्यात दहा दावे मांडवलीत निघतात. दहांचे वीस-वीस टक्के एका लढाईपेक्षा जास्त भरतात. म्हणून लोकअदालतीच्या सकाळी फोन येतो, “दादा, कंपनी सहा देतेय. घेऊन टाका. खटला चालला तर दहा वर्षं.” लोकअदालत वाईट नाही. तडजोड चांगली असेल तर जरूर घ्यावी. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, आणि दावा दाखल झाल्यापासूनचं व्याज त्या सहात धरलंय की सोडलंय हे सहीच्या आधीच विचारायचं असतं. सहीनंतर विचारलं तर उत्तर चहाबरोबर मिळतं.

कंपनीचा टक्का वेगळाच. तो तुमच्या चुकीचा. हेल्मेट होतं का, लायसन्स होतं का, पंचनाम्यात गाडी रस्त्याच्या मध्यापासून किती फुटांवर दाखवलीय? चूक निम्मी तुमची ठरली की भरपाईही निम्मी. मग उलटतपास.

“आज कोर्टात चालत आलात ना?”

“कुबडी घेऊन आलो, साहेब.”

“म्हणजे आलात.”

या सगळ्यात पोलिसांचा टक्का कुठे, असं विचाराल. त्यांच्या वाट्याला फक्त काम आलंय, म्हणून त्याची वाच्यता होत नाही. २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जायला हवा. मोटार वाहन कायदा तर पुढे जाऊन सांगतो की न्यायाधिकरणाने तो अहवाल भरपाईचा अर्जच समजावा. म्हणजे कागदोपत्री, दावा तुमच्या मोसंबीवाल्याआधी पोलिसांनीच टाकलेला असतो! ठाण्यात जाऊन हे सांगून पाहा. “वकील लावा,” असा मोलाचा सल्ला फुकट मिळेल.

बरं, वकिलांचीही बाजू आहे आणि ती खोटी नाही. प्लास्टरमधल्या माणसाकडे आगाऊ फी द्यायला पैसे नसतात. टायपिंग, झेरॉक्स, डॉक्टरांचा साक्षभत्ता अनेक वकील पदरचा घालतात आणि वर्षानुवर्षं थांबतात. टक्का नसता तर या गरिबाचं वकीलपत्र घेतलं कोणी असतं, असं एका बुजुर्ग वकिलांनी मला सुनावलं. बरोबर आहे. पण थांबण्याची किंमत आकड्यात ठरवून कागदावर लिहिता येते, रकमेच्या हिश्शात नव्हे. आणि कोरा चेक हा कुठल्याच थांबण्याचा पुरावा नाही.

तालुक्याचा, ओळखीचा वकील करायला हरकत काहीच नाही, उलट तोच करावा. अपघात एक्स्प्रेस-वेवर झाला म्हणून दावा तिकडेच टाकायची सक्ती नाही. तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता तिथल्या न्यायाधिकरणातही तो टाकता येतो. फक्त त्याला विचारा : कमाईचा पुरावा काय लावणार? डॉक्टरांना साक्षीला बोलावणार ना? फी किती, आणि पावती? या तीन प्रश्नांवर साहेबांचा चेहरा पडला तर उठा, शेजारी दुसरं टेबल असतंच.

आणि उठायला फार वेळ लावू नका. २०१९ च्या दुरुस्तीने दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिच्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेलाय, पण त्या वादाच्या भरवशावर आपला दावा टांगू नये. खिसा रिकामा असेल तर जिल्हा न्यायालयाच्याच आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शोधा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि अपंगत्वाचा दाखला असलेल्यांना तिथे उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. शून्य टक्क्यावर.