भाजी आधी कुणी खाल्ली?

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची कन्या जागतिक शांततेसाठी जर्मनीला निघाली आहे. दोन आठवड्यांचं शिबिर. देशोदेशींची मुलं एका खेड्यात राहणार, शाळेचं कुंपण रंगवणार, पाळीपाळीने स्वयंपाक करणार आणि एकमेकांची संस्कृती समजून घेणार. फी, विमानभाडं, व्हिसा आणि थंडीचं जाकीट धरलं तर शांतता जरा महागच पडते. पण सेक्रेटरी खुशीत आहेत. 'सीव्हीवर छान दिसतं हो,' म्हणाले.

याच सेक्रेटरींकडे गेल्या महिन्यात एक शिक्षक जोडपं आलं होतं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांना पसंत पडला, भाडं ठरलं, डिपॉझिटही ठरलं. मग आडनाव कळलं : शेख. त्याच संध्याकाळी सोसायटीत पाण्याची टंचाई सुरू झाली. नवा भाडेकरू घेणं शक्यच नव्हतं. जोडपं गेलं आणि पाणी परत आलं.

या शिबिरांचा जन्म काही रंगाच्या डब्यातून झालेला नाही. पिएर सेरेसोल हा स्वित्झर्लंडचा इंजिनिअर. वडील देशाचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेले, तर चिरंजीव लष्करी कर नाकारून तुरुंगात जाऊन आलेले. १९२० च्या नोव्हेंबरात तो मूठभर माणसं घेऊन फ्रान्समधल्या एस्न गावी गेला. व्हर्डनच्या लढाईत हे गाव भुईसपाट झालं होतं. तिथे त्यांनी खोपटी बांधली, रस्ते नीट केले. त्या मूठभरांत जर्मनही होते. ज्यांच्या तोफांनी गाव पाडलं, त्यांचेच भाऊबंद फावडं घेऊन दारात उभे! गावाला ते फार काळ पचलं नाही. पुढच्या एप्रिलपर्यंत मंडळींना गाशा गुंडाळावा लागला. एस्नमध्ये तेव्हा पाण्याची टंचाई होती की काय, कोण जाणे.

सेरेसोल मात्र थांबला नाही. १९३४ च्या भूकंपानंतर तो बिहारमध्येही फावडं घेऊन हजर झाला. त्याच्या संघटनेचं, सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचं, ब्रीदच होतं : शब्द नकोत, कृती हवी.

आता आपल्या घरची गोष्ट. सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं. खडकाळ जमिनीतून भाजी पिकवली. पण ती वरोऱ्याच्या बाजारात कुणी घेईना. रोग लागेल ना! मग पन्नासच्या दशकात सेरेसोलच्याच संघटनेचे परदेशी स्वयंसेवक आले. आनंदवनात राहिले, इमारती बांधू लागले आणि तिथलीच भाजी चवीने खाऊ लागले. वरोरेकर पाहत होते. साहेब जेवतोय आणि त्याला काही होत नाही, हे दिसल्यावर आनंदवनाच्या भाजीला गिऱ्हाईक मिळालं.

बाबा आपले, रोगी आपले, भाजी आपल्या मातीतली. ती खाण्याजोगी आहे हे सांगायला मात्र माणूस सातासमुद्रापलीकडून यावा लागला. त्या स्वयंसेवकांनी विटा किती रचल्या याचा हिशेब मला ठाऊक नाही. पण वरोऱ्यातली खरी भिंत त्यांनी रचून नव्हे, जेवून पाडली.

म्हणून सेक्रेटरींच्या कन्येबद्दल माझी काही तक्रार नाही. कुंपण रंगवू दे, पाळी आली की पोहे करू दे. परवा लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटले. शिबिरात येणाऱ्या एका मुलीशी कन्येची फोनवर आधीच गट्टी जमली आहे म्हणे. परतताना ती महिनाभर इकडेच राहायला येणार आहे.

'नाव काय तिचं?' मी सहज विचारलं.

'शेख आहे,' सेक्रेटरी म्हणाले आणि घाईघाईने पुढे जोडलं, 'पण लंडनची हो!'

पाण्याचं मी विचारलं नाही.